रीम, दस्ता आणि ग्रॅम : कागदाच्या वजनाचा इतिहास

कागदाचा इतिहास सांगणारे विद्वान बहुधा कागदावर काय लिहिले गेले त्याचा इतिहास सांगतात. ग्रंथ कोणते झाले, वर्तमानपत्रे कोणी काढली, कोणत्या लेखापायी कोणाला तुरुंग घडला, हे सारे आपल्या व्याख्यानमालांतून वारंवार ऐकायला मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. आमचा विषय त्याहून पुष्कळ साधा आहे. तो कागद वजनाला किती भरला, ते वजन कोणी केले आणि त्याचा भार कोणावर पडला, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. छापखान्यांतील व गोदामांतील कामगारांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. शाळेकडून आम्हांला फार मिळाले नाही. जे काही शिकलो ते हजेरीपटावरून, मालाच्या पावत्यांवरून आणि काट्यापुढे उभे राहून. तेव्हा या विषयाकडे आम्ही पंडिताच्या नजरेने पाहू शकत नाही. त्रैराशिक मांडल्यावाचून ज्याला आपली मजुरी बरोबर आहे की नाही हे कळत नाही, अशा माणसाच्या नजरेने पाहतो.

कागद ही व्यवहारात मोठी चमत्कारिक वस्तू आहे. गिरणी तो किलोने विकते. छापणारा तो तावाने वापरतो. वाहतूकदार टनाने भाडे लावतो. वाचक पाने मोजतो. एकाच वस्तूबद्दल हे चौघे चार भाषांत बोलतात, आणि एका भाषेतून दुसरीत जायचे तर वजनाच्या हिशेबाचा पूल ओलांडावा लागतो. त्या पुलावर जो नाका घालून बसला त्याने जकात घेतली, असा या विषयाचा सारा इतिहास आहे.

आरंभ शब्दांपासून करू. आपण ज्याला दस्ता म्हणतो तो शब्द फारसीतील 'दस्त' म्हणजे हात यावरून आलेला. एका हातात मावतील तितके ताव म्हणजे दस्ता. मौज अशी की, फ्रेंच भाषेतही तावांच्या अशाच जुडीला 'हात' याच अर्थाचा शब्द आहे. रीम हा शब्द आपण इंग्रजी समजतो. पण त्याचे मूळ अरबी 'रिझ्मा', म्हणजे गठ्ठा. कागद करण्याची विद्या चीनमधून समरकंद-बगदादमार्गे युरोपात गेली, आणि जाताना आपली मापेही घेऊन गेली. आपल्याकडे जुन्नरचा कागद, दौलताबादजवळचा कागजीपुरा, पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही ठिकाणे याच विद्येची. तेथील कागदी हौदातून साच्यावर एकेक ताव उचलीत. अशा मालात ताव मोजणे सोपे होते, कारण प्रत्येक ताव माणसाच्या हातातून गेलेला असे. 'हात' हे माप म्हणून शोभत होते ते त्यामुळेच.

आता २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांची रीम म्हटली की ४८० ताव झाले. परंतु ५०० तावांचीही रीम होती, आणि इंग्लंडमधील छापखान्यांची रीम तर ५१६ तावांची असे. ही १६ तावांची भर कशासाठी? छापताना काही ताव खराब होणारच, हे धंद्याने मान्य केले होते, आणि त्याची सोय मोजणीतच करून ठेवली होती. श्रोत्यांनी हे १६ ताव ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

मोजणीसारखाच घोटाळा आकारांचा. इटलीतील बोलोन्या शहरात १३८९ सालची एक शिला आहे. तिच्यावर कागदाचे चार आकार कोरून ठेवले आहेत, ते अशासाठी की कागदी लोकांनी ताव आखूड करू नयेत आणि गिऱ्हाइकाला ताव शिळेवर ठेवून स्वतः पडताळता यावा. त्या चार आकारांतील दोन मोठ्यांची नावे बादशाही आणि राजेशाही अशा अर्थाची. तीच आपल्या बाजारात 'इंपीरियल' आणि 'रॉयल' म्हणून ओळखली जातात. चौकात उभी केलेली ती शिला आम्हांला फार मोलाची वाटते. माप दुकानदाराच्या कपाटात न ठेवता रस्त्यावर ठेवायचे, हा विचार तीत आहे.

तो विचार पुढे मागे पडला. फुलस्केप, क्राऊन, डेमी, रॉयल असे आकार वाढत गेले, आणि कागद किती जाड हे सांगण्याची रीत अशी पडली की, त्या त्या आकाराची एक रीम किती पौंड भरते ते सांगायचे. '२४ पौंडी कागद' म्हटले की जाणत्याला सारे कळे. अजाणत्याला काहीच कळत नसे. कसे ते पाहा. २० इंच × ३० इंच हा डबल क्राऊन ताव. त्याची ५०० तावांची रीम २४ पौंड भरली, तर तो कागद आजच्या भाषेत सुमारे ५६ ग्रॅमचा होतो. साडेबावीस इंच × ३५ इंच हा डबल डेमी ताव. त्याचीही रीम २४ पौंड भरली, तर तो कागद ४३ ग्रॅमचा, म्हणजे पलीकडची अक्षरे दिसावीत इतका पातळ. आणि डबल क्राऊनचीच रीम ५०० ऐवजी ४८० तावांची धरली, तर तेच २४ पौंड साडेअठ्ठावन ग्रॅम होतात. 'चोवीस पौंडी' या एका शब्दात तीन निरनिराळे कागद दडलेले! अमेरिकेत ही रीत अजून चालते. तेथे २० पौंडी बाँड आणि ५० पौंडी बुक हे दोन कागद जवळजवळ सारख्याच जाडीचे असतात, कारण पहिल्याची रीम १७ × २२ इंचांच्या तावांची मोजतात आणि दुसऱ्याची २५ × ३८ इंचांच्या.

कागद तोलणारा केवळ व्यापारी होता तोवर हा प्रश्न बाजारापुरता राहिला. सरकार काट्यापाशी येऊन बसले, तेव्हा तो लोकांचा प्रश्न झाला. इंग्लंडमध्ये १७१२ साली कागदावर अबकारी कर आला आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रांवर मुद्रांकही लागला. पुढे हा कागदाचा कर वजनावर बसवला गेला, आणि १८३६ पासून तो सरसकट पौंडास दीड पेनी असा होता. ऐकायला दर समान, आणि म्हणून न्याय्य. पण वजनावरच्या कराची गोम वेगळीच असते. श्रीमंताच्या घरातील दहा शिलिंगांचा ग्रंथ आणि मजुराने घेतलेली सहा पेनींची चोपडी यांचे वजन सारखे भरले, तर दोघांवर कर सारखाच. किमतीच्या मानाने पाहिले, तर चोपडीवरचा कर ग्रंथावरच्या कराच्या वीसपट झाला. २४ पौंडांच्या रीममागे तीन शिलिंग सरकारात जात, मग त्या रीमवर काव्य छापा की कामगारांची गाऱ्हाणी छापा.

त्या काळच्या इंग्रज कामगारांनी हे ओळखले होते. हेन्री हेदरिंग्टन या मुद्रकाने १८३१ साली 'पुअर मॅन्स गार्डियन' हे एक पेनीचे पत्र मुद्रांक न लावता विकायला काढले, आणि त्यासाठी तो तुरुंगात गेला. ज्ञानावरील कर या नावाने हे सारे कर ओळखले जाऊ लागले आणि त्यांच्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. १८३६ साली वर्तमानपत्रावरील मुद्रांक चार पेनींवरून एका पेनीवर आला. १८५३ साली जाहिरातींवरील कर उठला, १८५५ साली मुद्रांकाची सक्ती उठली. शेवटी राहिला तो वजनावरचा कर. १८६० साली लोकसभेने तो उठवायचा ठरवला, तर उमरावांच्या सभेने ते विधेयक फेटाळले. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी पुढच्या वर्षी ते साऱ्या अर्थसंकल्पातच गुंफून मांडले, आणि १८६१ साली तो कर गेला. दीडशे वर्षे कागदी गिरण्यांवर काटा घेऊन बसलेला सरकारी माणूस तेव्हा कुठे उठला.

दरम्यान युरोपात दुसरी एक विचारधारा चालू होती, आणि ती एका भूमितीच्या प्रश्नातून निघाली होती. ताव मधोमध दुमडला असता त्याच्या अर्ध्या भागाची ठेवण मूळ तावासारखीच राहावी, असा ताव कोणता? जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांनी १७८६ सालच्या एका पत्रात या प्रश्नाची चर्चा केली आहे. उत्तर असे की, लांबी ही रुंदीच्या दोनाच्या वर्गमुळाइतक्या पट, म्हणजे सुमारे १.४१४ पट, असली पाहिजे. फ्रान्समध्ये १७९८ च्या मुद्रांकाच्या कायद्यात या प्रमाणाचे काही ताव आले आणि पुढे विस्मरणात गेले. १९२२ साली जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान यांनी ही कल्पना पुन्हा उचलली, आणि तिला एक जोड दिली: सर्वांत मोठा ताव बरोबर एक चौरस मीटरचा धरावा. तोच ए-शून्य, ८४१ × ११८९ मिलिमीटरांचा. तो चार वेळा दुमडला की सोळावा हिस्सा म्हणजे ए-चार, जो आज प्रत्येक कचेरीत आहे.

या जोडीचे महत्त्व हिशेबात आहे. कागदाचे वजन 'दर चौरस मीटरला इतके ग्रॅम' असे सांगायचे ठरले, की आकार आणि तावांची संख्या या दोन्ही गोष्टी त्यातून निघून गेल्या. ८० ग्रॅमचा कागद म्हणजे ८० ग्रॅमचा. मग तो रीम असो, रीळ असो, वा चिठोरा असो. ए-चारचा एक ताव ८० भागिले १६, म्हणजे ५ ग्रॅम. ५०० तावांची रीम अडीच किलो. शाळेतल्या मुलाने तोंडी करावे असे हे गणित आहे. धंद्यात ज्याला 'जीएसएम' म्हणतात ते हेच.

आपल्या देशात वजनाची ही गोष्ट टपालापासून सर्वसामान्यांच्या घरात शिरली. १८५४ साली अंतराचा विचार न करता पत्राला एकच दर लागू झाला: पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा पाव तोळा म्हणजे २.९ ग्रॅम. आजचा ए-चारचा एक ताव त्या काट्यावर ठेवला असता, तर पाकीट नसतानाही तो मर्यादेच्या पावणेदोन पट भरला असता आणि एक आणा पडला असता. पातळ कागद आणि बारीक अक्षर यांना अशा वेळी पैशाचे मोल येते. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले आणि गरिबाच्या पत्राला काट्यावर चढण्याचे कारणच उरले नाही.

छापखान्यांत मात्र पौंड आणि इंच पुष्कळ काळ राहिले. १९५६ साली मापांचा कायदा झाला, १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम येऊ लागला. कागदाच्या बाजाराने यावर तोडगा काढला तो खास आपला: ताव इंचात, वजन किलोत, जाडी ग्रॅममध्ये. या तिघांना जोडणारा आकडा ३१०० हा आहे. तावाची लांबी गुणिले रुंदी इंचांत, गुणिले ग्रॅम, भागिले ३१००. आले ते ५०० तावांच्या रीमचे किलो. एका चौरस इंचात ६.४५१६ चौरस सेंटिमीटर असतात, त्यातून हा आकडा निघतो. कागदवाल्याच्या गादीवर तो तोंडपाठ असतो. कामगारांपैकी फार थोड्यांना तो कोणी सांगितलेला असतो.

एक उदाहरण करू. १६० पानांचे क्राऊन आकाराचे पुस्तक, हजार प्रती. २० × ३० च्या एका तावात ३२ पाने बसतात. तेव्हा एका प्रतीला ५ ताव, हजार प्रतींना ५००० ताव, म्हणजे १० रीम. कागद ६० ग्रॅमचा घेतला, तर २० × ३० × ६० भागिले ३१००, म्हणजे एक रीम ११.६१ किलो आणि दहा रीम ११६ किलो. तोच ७० ग्रॅमचा घेतला तर साडेपस्तीस किलो वर शंभर, म्हणजे १९ किलो जास्त कागदाचे पैसे आणि १९ किलो जास्त वाहतूक. बांधणीनंतर तीन बाजूंनी अष्टमांश इंच कापले, तर ११६ किलोंतील साडेसहा-सात किलो कात्रण होऊन रद्दीत जाते. उरलेले १०९ किलो आणि मुखपृष्ठ मिळून गठ्ठ्यात बसतात. पुस्तक काढू इच्छिणाऱ्या कोणत्याही गृहस्थाला हा हिशेब पाच मिनिटांत करता येतो, आणि मग छापखान्याचे अंदाजपत्रक त्याला वाचता येऊ लागते.

आता त्या १६ तावांकडे वळू. एका शहरातील एका मोठ्या छापखान्यात रिळांवर चालणारी यंत्रे होती. नासाडी शेकडा तीनच्या आत राहिली तर कामगारांना बक्षिसी मिळायची, असा करार होता. एका वर्षी हिशेबात नासाडी शेकडा सहा निघाली आणि साऱ्या खात्याची बक्षिसी बुडाली. व्यवस्थापकांचे म्हणणे सरळ होते: रिळे इतके किलो आली, कागद ६० ग्रॅमचा, तेव्हा इतके चौरस मीटर छापले जायला हवे होते, तितके झाले नाहीत, म्हणजे उरलेले तुम्ही फाडले. कामगार म्हणत होते, आम्ही फाडले नाहीत. पण 'नाही' या शब्दाला हिशेबवहीत रकाना नसतो.

आम्ही एवढेच सुचवले की, रिळांचा कागद खरोखर ६० ग्रॅमचा आहे का ते पाहावे. कृती कोणालाही करता येण्यासारखी आहे. रिळाच्या आतल्या थरांतून दहा सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद असे दहा तुकडे नीट कापायचे. दहा मिळून चौरस मीटरचा दहावा हिस्सा झाला. ते सोनाराच्या काट्यावर ठेवायचे आणि येईल त्या वजनाची दहापट करायची. दोन्ही बाजूंचे लोक उभे असताना वजन आले ६.२ ग्रॅम, म्हणजे कागद ६२ ग्रॅमचा. एक टन कागद ६० ग्रॅमचा असेल तर त्याचे १६,६६७ चौरस मीटर होतात. ६२ ग्रॅमचा असेल तर १६,१२९. दर टनामागे ५३८ चौरस मीटर, शेकडा सव्वातीन, हा कागद कोणी फाडला नव्हता. तो मुळात आलाच नव्हता. तेवढा वजा केल्यावर खरी नासाडी तीनच्या आत बसली.

व्यवस्थापकांनी शंका काढली की, पावसाळी हवेने कागदाने ओल धरली असेल. शंका रास्त होती. कागद हवेतील पाणी पितो, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत वजन करताना हवेचे तापमान व ओलावा ठरावीक ठेवतात. आपल्याकडील प्रमाणात २७ अंश आणि शेकडा ६५ ओलावा धरतात. पण आमचे उत्तर असे होते की, जास्तीचे दोन ग्रॅम लगद्याचे असोत वा पाण्याचे असोत, ते यंत्रावरच्या माणसाने घातलेले नाहीत. बक्षिसी मिळाली. येथे मालकाने लबाडी केली होती असेही आम्ही म्हणणार नाही. जड कागद त्याच्याही पदरात पडला होता आणि त्याचेही नुकसान झाले होते. फरक एवढाच की, त्याचे नुकसान खाली ढकलण्याची सोय त्याच्या वहीत होती, आणि कामगाराचे नुकसान ढकलायला खाली कोणी नव्हते.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर देशापुढेही येऊन गेला. वर्तमानपत्राचा कागद पुष्कळसा परदेशातून येई आणि परकीय चलन तुटपुंजे होते. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली शिफारस केली की, पानांच्या संख्येप्रमाणे अंकाची किंमत बांधून द्यावी, म्हणजे धनाढ्य पत्रे स्वस्तात जास्त पाने देऊन लहानांना मारणार नाहीत. हेतू चांगला होता. १९५६ साली कायदा झाला आणि १९६० साली त्याखाली आदेश निघाला. पण त्याची झळ लागलेल्यांत पुण्याचा 'सकाळ' होता. किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करा, पाने तीच ठेवायची तर किंमत वाढवा, असा त्याला पेच पडला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९६१ साली न्यायालयाने हा कायदा व आदेश घटनाबाह्य ठरवले. पुढे १९७२ साली बेनेट कोलमन प्रकरणात न्यायालयाने जो भेद केला, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. टंचाईत सरकारने कागदाचा वाटा ठरवून द्यावा, याला न्यायालयाने हरकत घेतली नाही. मात्र दहा पानांपेक्षा जास्त काढू नका हे बंधन रद्द केले. किती टन द्यायचा हे सरकारने पाहावे. त्या टनांची पाने करायची की प्रती वाढवायच्या, हे पत्राने ठरवावे. वजन आणि पाने यांमधला तो पूल कोणाच्या ताब्यात असावा, याचाच हा निवाडा होता. एकेकाळी ५२ ग्रॅमचा असलेला हा कागद पुढे ४८.८ आणि मग ४५ ग्रॅमचा झाला. त्याच टनात जवळजवळ शेकडा पंधरा पाने अधिक निघू लागली.

एका माणसाचा उल्लेख राहिला. कागद गिरणीतून निघाल्यापासून वाचकाच्या हाती पडेपर्यंत अनेक वेळा चढतो आणि उतरतो, आणि यंत्रे आली तरी अजून पुष्कळदा माणसाच्या पाठीवरून चढतो-उतरतो. २३ × ३६ इंचांची ६० ग्रॅमची रीम १६ किलो भरते. तीन रिमांचा गठ्ठा ४८ किलो. हमालाला मजुरी टनावर, त्यामुळे टन किती झाले हे त्याला स्वतःला कळणे जरुरीचे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला आणि त्याच्या मजुरीची नोंद मंडळाच्या वहीत होऊ लागली. ही मोठीच मिळकत होय. तरीही वहीतला आकडा आणि पाठीवरचा गठ्ठा यांचा मेळ घालणे हे ज्याची पाठ आहे त्यालाच आले पाहिजे.

म्हणून आमची या नगरातील सुज्ञ नागरिकांना विनंती आहे. आपल्या वाचनालयात, रात्रशाळेत, कामगार वस्तीतील अभ्यासिकेत एक साधा काटा आणि एक पट्टी ठेवावी, आणि भिंतीवर तो ३१०० चा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून लावावा. बोलोन्याच्या लोकांनी सहाशे वर्षांपूर्वी ताव पडताळण्याची शिला सर्वांसमोर ठेवली होती. आपल्याला शिळेचीही गरज नाही. दहा तुकडे आणि एक काटा पुरे आहे.